सकाळी स्वयंपाक, दुपारी झुरळं

टपालानं आलेला कागद वाचला आणि व्यंकोजींचं टाळकंच फिरलं. समोरचा चहा तसाच निवला. शहरातल्या धंद्यांची यादी इंटरनेटवर टाकायचं खूळ नव्याण्णव साली नवंनवं होतं, आणि कागदावर त्या यादीतली त्यांची नोंद छापली होती: 'व्यंकोजी केटरर्स व गिरीराज पेस्ट कंट्रोल. लग्नाचा स्वयंपाक, उंदीर, झुरळं.'

कॉटनपेटमधली ती खोली दोघांत होती. टेबल एक, फोन एक. दुपारी एकपर्यंत व्यंकोजी बसत, नंतर झुरळं मारणारा गिरीराज. यादीवाल्या कंपनीतली निधी, पुण्याहून नुकतीच आलेली, नेमकी एकच्या ठोक्याला उगवली. दोघं एका डब्यातून जेवताना दिसले, म्हणून तिनं दोघांचा मिळून एकच फॉर्म भरला. अक्कल गहाण टाकल्याचा याहून मोठा पुरावा नको.

त्यात मालनबाईंचा फोन आला. मुलीच्या लग्नाचं सहाशे पानांचं काम त्या देणार होत्या, व्यंकोजींचं वर्षातलं सगळ्यात मोठं. "भाच्यानं इंटरनेटवर तुमचं काय काय बघितलं म्हणे. विचार करून सांगते," म्हणाल्या.

व्यंकोजींनी निधीला फोनवर फैलावर घेतलं. "तो गिरीराज माझा कोणी नाही. दोन वेगळी नावं टाक."

"काका, एका अ‍ॅड्रेसला एकच एंट्री बसते. सिस्टिमच तशी आहे. पण मी टायमिंग क्लिअर करते ना."

तिनं केलं. दुसऱ्या दिवशी यादीत आलं: 'एकपर्यंत स्वयंपाक. एकनंतर विषारी औषधं.'

"स्वल्प बरं झालं की, अण्णा," गिरीराज म्हणाला. "आता सकाळचं मला कोण हुडकत येत नाही."

"उद्यापासून तू या खोलीत पाय ठेवायचा नाहीस."

"खोली माझ्या मामाच्या नावावर आहे, अण्णा."

व्यंकोजी खुर्ची उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात मालनबाईच दारात उभ्या राहिल्या.

"याआधी दोन मुलींची लग्नं केली मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही आचारी सांगत होते, अक्का, आमच्याकडे झुरळ नाही. मग पंगतीत निघालं. झुरळाचा माणूस स्वतःचा ठेवलेले तुम्ही पहिलेच. काम तुम्हालाच देते. पण लग्नभर हे भटारखान्यात पाहिजेत. हे तुमचे कोण? की नुसते एका खोलीत बसता?"

गिरीराज छताकडे बघत बसला.

"पार्टनर," व्यंकोजी दातओठ खात म्हणाले.