लिफ्टमध्ये टिकलेला पहिला घास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पान्या म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम एक पाना असे. लग्नातही होता म्हणतात. पान्याचं ठाम मत होतं की जगात बिघडणारी प्रत्येक गोष्ट शेवटी यंत्रच असते आणि यंत्र शांत डोक्याच्या माणसाला शरण येतं. डोकं शांत असणं मात्र त्याच्या नशिबात नव्हतं. स्वस्थ बसायला सांगितलं तर तो खुर्चीचे स्क्रू पिळत बसायचा.

बायकोला दिवस गेले आणि पान्याची पंचाईत झाली. इथे पिळायला स्क्रूच नव्हता. बिचारी सकाळपासून कोरडे उमासे काढत होती. चहा नको, भात नको, पाण्याचा पेलाही नुसता बघून ती तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाईंनी रविवारी सकाळी तपासलं आणि सांगून टाकलं की संध्याकाळपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर दवाखान्यात भरती करून सलाइन लावावं लागेल. शिवाय तिसरा महिना पुरा होईपर्यंत ही बातमी कुणाच्या कानावर घालायची नाही, असं नवराबायकोनं पक्कं ठरवलेलं. त्यामुळे शेजारीपाजारी विचारायचीही सोय नाही.

"आल्यानं मळमळ थांबते," पान्यानं मोबाइलमधून डोकं वर काढून जाहीर केलं. "आलं घातलेले पॅनकेक. थोडी दालचिनी, थोडी वेलची. तू नुसती पडून राहा. तासाभरात तुला ठणठणीत करतो."

बायकोनं डोळे न उघडता विचारलं की याआधी त्यानं शेवटचं काय शिजवलं होतं. अंडं उकडलं होतं, असं तो म्हणाला. ते फुटलं होतं, याची तिनं आठवण करून दिली नाही. तेवढी ताकदच नव्हती.

कृतीत लिहिलं होतं, किसलेलं आलं किंवा सुंठ. हे 'किंवा' पान्याला पटलं नाही. एकानं मळमळ थांबत असेल तर दोघं मिळून तिला मुळासकट उपटून काढतील, असा त्याचा हिशेब. त्यानं आलं किसलं, सुंठ ओतली, वर आल्याचा रस पिळला. पहिला पॅनकेक तव्याला असा चिकटला की पान्याला खिशातला पाना काढावा लागला. दुसरा वरून कोळसा आणि आतून पातळ. बायकोला देण्याआधी चव बघायलाच हवी, म्हणून प्रत्येक बिघडलेला तो स्वतः खात होता. अन्न टाकायचं नाही हेही खरं, आणि पुरावा उरू नये हेही खरं.

दालचिनीचा आणि करपलेल्या लोण्याचा वास बेडरूममध्ये पोचला तशी बायको उठली. तोंडाला ओढणी लावून, भिंत धरत ती दाराकडे गेली. खाली मोकळ्या हवेत बसते, एवढंच कसंबसं बोलली.

म्हणजे औषधाच्या वासानंच रोगी पळाला! तिच्या परत येण्याआधी घरातला वास घालवलाच पाहिजे. लिफ्टच्या मशीनरूममध्ये वापरायचा दांडगा पंखा त्याच्याकडे दुरुस्तीला आलेला होता. पण स्वयंपाकघरातल्या प्लगवर तो नुसता घरघरायचा. मग पान्यानं लांब पिवळी वायर काढली, ती जिन्यात नेली आणि थेट लिफ्टच्या पॅनेलला जोडली. हे कुणी करू नये म्हणून त्या पॅनेलवर लाल अक्षरांत पाटी लावलेली होती. पाटी पान्यानंच लावली होती.

पंखा असा सुटला की मैद्याचा पुडा उडाला, पडदे आडवे झाले आणि पान्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मग फट्‌ असा आवाज झाला, पंखा गप्प, जिन्यातले दिवे गेले. खालून कुठूनतरी घंटा वाजायला लागली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीतून मुलगी बोलत होती. तुमच्याच इमारतीत लिफ्ट वर येताना अडकलीय, आत एक बाई आहेत, तुम्ही सर्वांत जवळ आहात. पान्या कामाच्या आवाजात म्हणाला, बाईंना सांगा घाबरायचं नाही, मी आलोच. फोन ठेवला, हात पुसले, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला की ती बाई कोण.

तो जिना उतरला म्हणणं चूक होईल. तो जिन्यावरून ओतला गेला. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टपाशी निम्मी इमारत जमली होती. पीठ माखलेला पान्या बघून समोरच्या घरातल्या आजी दचकून मागे सरल्या. सवयीनं त्यानं दरडावून विचारलं, लिफ्टच्या लाइनवर कुणी काही जोडलंय का? रखवालदारानं पिवळ्या वायरवर नुसता बॅटरीचा झोत टाकला आणि झोत वायरीबरोबर वर वर सरकत पान्याच्या दारात जाऊन थांबला.

पान्यानं तिकडे दुर्लक्ष केलं आणि दाराच्या फटीला तोंड लावलं.

"ऐकतेस ना? उभी राहू नकोस, खाली बस! तुझ्या पोटात बाळ आहे, चक्कर येईल!"

मग समोरच्या आजींनी हळूच पान्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पीठ झटकायला लागल्या. निम्म्या इमारतीला कळलं होतं. उरलेल्या निम्म्या इमारतीला कळवायला दोघं जण लगेच निघालेसुद्धा.

पिठानं माखलेल्या बोटांतून लिफ्टच्या दाराची किल्ली दोनदा निसटली. एकदाचं दार सरकलं. आत बायको जमिनीवर, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली. गेल्या कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. डोळे उघडून तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली,

"दार लाव."

"अगं, तुला सोडवायला आलोय."

"कळलं. इथे कसलाच वास नाही. तू आलास आणि पुन्हा आल्याचा यायला लागला."

पान्यानं निमूटपणे दार ओढलं, वर जाऊन पंखा काढला, फ्यूज बदलला आणि लिफ्ट अलगद तळमजल्यावर आणली. बायको बाहेर यायला तयार नव्हती. तेव्हा आजीच वर गेल्या आणि ताटलीत उरलेला एकुलता एक धड पॅनकेक घेऊन आल्या. तोवर तो पार गार झाला होता आणि गार झाल्यावर त्याला वासच उरला नव्हता. बायकोनं कोपरा तोडला. चावला. सगळ्यांनी श्वास रोखले. तिनं दुसरा तुकडा तोडला, मग तिसरा, आणि ताटली रिकामी झाली. काही बाहेर आलं नाही. पान्याला रडू आलं. पिठात ओघळ उमटले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

सलाइन टळलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की मानवतंय तर रोज द्या.

अडचण एवढीच झाली की रोज ते करायचे पान्यानं. बिघडलेल्या घाण्यांनी आतून असा सूड उगवला होता की नुसतं आलं सोललं तरी त्याला उमासे येत. नाकाला चिमटा लावून तो तव्याशी उभा राहायचा, बायको गार झालेले पॅनकेक घेऊन लिफ्टमध्ये बसून खायची आणि इमारत कुरकुर न करता जिन्यानं ये-जा करायची. एकदा रखवालदार पाण्याच्या टाकीचं विचारायला वर आला, तर पान्या तोंड दाबून बेसिनकडे धावत होता.

रखवालदार दारातच थांबला. पान्या तोंड पुसत वळला, तेव्हा त्यानं फार आदरानं विचारलं, "साहेब, वहिनींचं कळलं. तुम्हाला कितवा?"