प्रेमाला बैठक लागते

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात नवा बाक बसवला, तेव्हा सेक्रेटरींनी नारळ फोडला आणि सामंतकाकांनी बाक तपासला. आधी बसले. मग पाठ टेकली, डोळे मिटले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, आणि उठून म्हणाले, "फुकट गेला."

"काय झालं काका? चांगले तीन जण बसतात," सेक्रेटरी म्हणाले.

"बसतात हो. पण तिघं एकेकटे बसतात. मधे हे लोखंडी हात कशाला बसवलेत? दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, जाळीतून? जेलमध्ये भेटायला आल्यासारखं?"

सामंतकाका एकाहत्तर वर्षांचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात जुन्या वर्तमानपत्राची घडी. ती वाचण्यासाठी नव्हे, बाकावर पसरण्यासाठी. धाकटा मुलगा नीलेश, सून आणि नात यांच्याबरोबर ते आमच्या मजल्यावर, समोरच्या घरात राहायचे. काकी ठाण्याला, थोरल्या महेशकडे. त्याला जुळं झालं तेव्हा काकी चार महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या. जुळं आता पहिलीत होतं.

तर या सामंतकाकांचा विषय म्हणजे जोडप्यांनी कुठे बसावं. कल्याणपासून ठाण्यापर्यंतची प्रत्येक बाग, तलाव, देवळाची ओसरी, खाडीचा कठडा त्यांनी बसून पाहिलेला. कुठे दुपारी ऊन येतं, कुठल्या वॉचमनला शिट्टी फुंकायची खोड आहे, कुठे बायकांसाठी स्वच्छ बाथरूम आहे, सगळं पाठ. शेवटचा मुद्दा ते फार गंभीरपणे घेत. "ते नसेल तर बाई तासाभरात घरी जायचं म्हणते. पुरुषाला वाटतं, आपलं बोलणं आवडलं नाही."

फेब्रुवारी लागला की आमच्या बिल्डिंगखाली त्यांच्यासाठी गर्दी व्हायची. पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काका बसलेले आणि भोवती बिल्डिंगमधली लग्नाळू आणि नवविवाहित मंडळी. काका व्हॅलेंटाइन डेला 'चौदा तारीख' म्हणायचे. हा सण बाहेरून आलाय म्हणून कोणी नाक मुरडलं की म्हणायचे, "बटाटाही बाहेरूनच आला. वडा खायचा सोडलात का?"

"काका, चौदा तारखेला तिला बाईकवरून लांब नेतो," दुसऱ्या मजल्यावरचा प्रतीक एकदा म्हणाला. हा आयटीत नोकरीला, नुकताच साखरपुडा झालेला.

"बाईक नको. दोघांची तोंडं एकाच दिशेला. तू बोलणार ते वाऱ्यावर जाणार, ती बोलणार ते हेल्मेटवर आपटणार."

"मग कॅफे?"

"तिथं गाणी इतक्या मोठ्यानं लावतात की प्रेम ओरडून करावं लागतं. बाजूच्या टेबलाला आधी कळतं."

"गुलाब तरी?"

"गुलाब धरून बसावं लागतं. एक हात अडकतो. त्यापेक्षा शेंगदाणे घे. एकच पुडी. दोघांचे हात आपोआप तिथंच जातात." मग खुर्चीत जरा पुढे सरकून ते आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "अरे, गाण्याला बैठक लागते, तशी प्रेमालाही बैठक लागते. आधी जागा बघा, मग भावना बघू."

त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा : बोलायचंय, बघायचंय, की नुसतं बसायचंय? बघायचं असेल तर खाडीकाठ. बोलायचं असेल तर ज्या तलावाला गोल फेरी नाही असा तलाव. "फेरी आली की जॉगिंगवाले आले. दर पाच मिनिटांनी तोच घामेजलेला माणूस पुन्हा समोर. तुम्ही लग्नाचं विचारताय आणि तो बघून जातो. पुढच्या फेरीला उत्तर काय आलं तेही बघून जातो." आणि नुसतं बसायचं असेल तर ते समोरच्याकडे जरा आदरानं बघायचे. म्हणायचे, "म्हणजे तुमचं चांगलं चाललंय."

मागच्या वर्षी मीही त्या रांगेत लागलो. आमचं घर वन बीएचके. त्यात आई, दोन मुलं, रश्मी आणि मी. रश्मीशी सलग बोलणं व्हायचं ते फक्त भाजी आणि फी या दोन विषयांवर. त्याआधीच्या चौदा तारखेला आम्ही मॉलमधल्या हॉटेलच्या रांगेत दीड तास उभे राहून शेवटी घरी येऊन खिचडी खाल्लेली.

"सुहास, तुमची दोघांची ऑफिसं ठाण्याला. हाफ डे घ्या आणि उपवन तलावाला जा," काका म्हणाले. "तळ्याकडे तोंड करून बसा, रस्त्याकडे नको. बारापर्यंत पोचा, तीनच्या आत उठा. आणि एक लक्षात ठेव. पलीकडच्या टोकाला झाडाखाली एक बाक आहे, त्याच्यावर बसू नका."

"का? मोडका आहे?"

"बुक असतो."

आता बागेतला बाक कोण बुक करतं, असं मी विचारणार होतो, पण मागे तीन जोडपी ताटकळत होती.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या कर्णिक वहिनींनी बॉम्ब टाकला. वहिनी दोन वर्षांपूर्वीच राहायला आलेल्या, तपासकामात तरबेज. त्या भाचीकडे ठाण्याला गेल्या होत्या, आणि रिक्षातून त्यांनी उपवनला सामंतकाकांना पाहिलं. एका बाईबरोबर. बाईच्या डोळ्यांवर काळा गॉगल. दोघं एका कणसाचे दाणे सोलून खात होते.

"या वयात!" वहिनी म्हणाल्या. "बायको बिचारी तिकडे नातवंडं सांभाळतेय आणि हे इकडे गॉगलवालीला कणीस भरवतायत. उगाच का एवढी माहिती असते जागांची!"

संध्याकाळपर्यंत ते पाचव्या मजल्यावर पोचलं, आणि रात्री नीलेश माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "सुहास, कसं सांगू यार. बाबा दर आठवड्याला एक दुपार कुठेतरी जातात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करायला. तू उपवनला जाणारच आहेस ना... जरा बघशील? दादाला कळलं तर आई कोसळेल."

मला हे काम अजिबात नको होतं. रश्मीला मात्र फार हवं होतं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच चौदा तारखेची ती एवढी वाट बघत होती.

त्या दिवशी नेमकी तिच्या ऑफिसात मीटिंग लांबली. काकांनी उठायला सांगितलेलं तीनला, आम्ही पोचलोच साडेतीनला. तळ्याकाठी जिकडेतिकडे जोडपी. फुगे, सेल्फी, टेडीबेअर. पलीकडच्या टोकाला झाडाखालच्या बाकावर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसला. शेजारी काळा गॉगल. मधे शेंगदाण्यांची पुडी.

"चल परत," मी म्हणालो.

"वेडा आहेस का?" म्हणत रश्मी निघालीसुद्धा. दहा पावलांवर जाऊन ती थांबली, आणि हसायलाच लागली. "काकी!"

गॉगल वळला. "अगो बाई! रश्मी! आणि सुहास पण! ये ये, बसा." सामंतकाकी लगबगीनं सरकल्या. "हा चष्मा होय? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना. ऊन लागू द्यायचं नाही म्हणाले."

काकांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तीनला उठायचं सांगितलं होतं ना?"

आम्ही चौघं त्या बाकावर दाटीवाटीनं बसलो. मी म्हणालो, "पण काकी, इथं उन्हात कशाला? घरीच का नाही भेटत?"

"कुठल्या घरी?" काकी म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हतीच. मजेत सांगत होत्या. "हे महेशकडे आले की सून चहा करते, खारी देते. जुळी यांच्या अंगावर. यांच्या शेजारची खुर्ची मला मिळतच नाही. पाहुण्यासारखे येतात, पाहुण्यासारखे जातात. मी डोंबिवलीला गेले तर नात मला सोडत नाही, हे हॉलमध्ये आणि मी आत. फोन केला तर पोरं स्पीकरवर टाकतात. मग 'जेवलात?' 'जेवलो,' झालं. चार-पाच वर्षांपूर्वी डोळे दाखवायला दवाखान्यात गेलो होतो, डॉक्टर यायला उशीर होता म्हणून तलावपाळीवर जाऊन बसलो. किती वेळ बोलत होतो, पत्ताच नाही. तेव्हापासून हे जागा शोधतात. मी घरी सांगते, देवळात जाते."

"खोटं नाही," काका म्हणाले. "येताना जाते ती."

"आणि लग्न झालं तेव्हा?" रश्मीनं विचारलं.

"तेव्हा कळव्याला एक खोली. सासू, सासरे, दोन दीर. तेव्हाही खाडीवरच जायचो. मग डोंबिवलीला घर घेतलं, तोवर मुलं झाली. पुढे मुलांची मुलं झाली." काकी हसल्या.

काका माझ्याकडे वळले. "नीलेशला यातलं काही सांगू नकोस हां. गुणी पोरं आहेत दोन्ही. त्यांना उगाच वाटेल, आपलं चुकलं."

"आता किती दिवस सांगायचं-न सांगायचं," काकी म्हणाल्या. "मे महिन्यात महेशची बदली आहे हैदराबादला. मलाही न्यायचं म्हणतात."

काकांनी पुडीतला एक दाणा उचलला, सोलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

रश्मी एकदम म्हणाली, "मग काका, हैदराबादला बाक कुठला बघणार?"

मी तिला कोपरानं ढोसलं. पण प्रश्न पडायचा तिथं पडला होता. सगळ्या डोंबिवलीला बेधडक जागा सांगणारा हा माणूस पहिल्यांदाच चाचरला. शर्टाचं बटण चाचपलं, तळ्याकडे बघितलं, आणि आमच्यासमोर कधीही न बोललेल्या मालवणीत बायकोला म्हणाला, "गो, एक खोली बघलंय मी. खडवलीक. नदी जवळ हा. तू... येतलंस?"

काकींनी गॉगल काढला. ऊन होतं तरी काढला. नवऱ्याकडे नीट बघितलं.

"न्हाणी आत हा की भायर?" काकींनी विचारलं.

"आत."

"मगे इतके दिवस सांगूक काय झालेला तुमका?"

पुढच्या रविवारी नीलेशच्या हॉलमध्ये बैठक बसली. ठाण्याहून महेश आला. साक्षीदार म्हणून मला बोलावलेलं. महेश मोठा माणूस, कंपनीत मॅनेजर, पण आवाज रडवेला. "आई, आमच्याकडे तुला काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे," काकी म्हणाल्या. "माणसं जास्त आहेत."

"आणि जुळी?"

"सुट्टीत पाठव. नदीत डुंबतील. कायम मीच त्यांना सांभाळलं तर त्यांचे आईबाप त्यांना ओळखणार कधी?"

नीलेशला वेगळीच काळजी. "बाबा, लोक विचारतील. मुलं सांभाळत नाहीत म्हणतील. मी काय सांगू?"

"सांग, पळून गेले," काका म्हणाले. 

नीलेश आधी हसला. मग वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. विचारलं, "गॅसचं कनेक्शन आहे का तिथं?" तेव्हा मला कळलं, जमलं. सामान टेम्पोत चढवताना दोन्ही मुलांनी एकमेकांशी भांडून जास्तीचं सामान भरलं. कर्णिक वहिनींनी तर बेसनाचे लाडू दिले, आणि काकींचा गॉगल हातात घेऊन, "छान आहे हो, मलाही घ्यायचाय," असं म्हणून झालं गेलं मिटवलं.

काका गेल्यावर बिल्डिंगमधली तरुण मंडळी अनाथ झाली. प्रतीकनं लग्नाची तारीख काढली, पण हनिमूनला कुठे जावं हे त्याला फोन करून विचारावं लागलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी रश्मी आणि मी खडवलीला गेलो. मुलं आईजवळ ठेवून, दोघंच. स्टेशनपासून चालत, विचारत विचारत. चाळीतली शेवटची खोली. दारापुढे तुळस, दोरीवर लुगडं आणि पांढरा शर्ट. काका पायरीवर बसले होते. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून गाण्याचा आवाज येत होता. काकींचा. कसलं गाणं होतं कळलं नाही. मधेच शब्द विसरत होत्या, तिथं नुसताच सूर धरत होत्या. आवाज मात्र लखलखीत, एखाद्या तरुण मुलीसारखा मोकळा. मागे भांडी घासल्याची खळखळ.

"काकी गातात?" मी कुजबुजलो.

"मलाही इथं आल्यावरच कळलं," काका म्हणाले. "शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. घरात कायम कोणी ना कोणी. मोठ्यांसमोर कसं गायचं, म्हणे. मग मुलं अभ्यासाला, मग नातवंडं झोपलेली." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मी आत गेलो की लाजून थांबते. म्हणून भांडी घासायला लागली की मी बाहेर येतो."

आत पातेलं वाजलं. गाणं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. काका सरकले, रश्मी बसली, मी बसलो.