ढब्बूला घेण्याची पाळी

परदेशी शिकताना समाजसेवा केलेली असली की नोकरी देणाऱ्यांवर चांगली छाप पडते, असे कॉलेजच्या सल्लागारबाईंनी सांगितले, त्याच दिवशी चिरंजीवांच्या मनात पोरक्या बाळांविषयी माया दाटून आली. त्यांनी लगोलग शिशुगृहात नाव नोंदवले. दत्तक जाण्याची वाट पाहणाऱ्या बाळांना कडेवर घ्यायचे, बाटलीने दूध पाजायचे, ढेकर काढायचा, एवढेच काम.

"अरे बाळा," फोनवर आई म्हणाली, "ताईच्या लेकराचं दुपटं बदलावं लागू नये म्हणून तू गच्चीवर जाऊन बसायचास ना?"

"आई, ते घरचं होतं. ही सेवा आहे."

प्रशिक्षण रबरी बाहुलीवर झाले. चिरंजीवांनी ढेकर काढण्यासाठी पाठ थोपटली, तेव्हा बाहुलीचे डोके निखळून कपाटाखाली गेले. तरी ते उत्तीर्ण झाले, कारण परीक्षा लेखी होती.

शिशुगृहात जाऊन पाहतात तो काय, बाळे मोजकी आणि स्वयंसेवकांची रांग पार जिन्यापर्यंत. माया सगळ्यांनाच दाटून आलेली. त्यामुळे पाळ्या लावल्या होत्या. चिरंजीवांच्या वाट्याला ढब्बू नावाचे गुबगुबीत बाळ आले, तेही गाढ झोपलेले. झोपलेल्या बाळाची सेवा नियमात धरत नसत, म्हणून त्यांनी त्याला हलवून उठवले. ढब्बूने जे भोकाड पसरले, ते पाळी संपेपर्यंत. पुढच्या स्वयंसेविकेने त्याला कसेबसे निजवले आणि तिच्या मागच्याने सेवेसाठी पुन्हा उठवले.

"लेकराच्या डोळ्याला डोळा लागू देत नाही हो तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "सारखं किरकिरतंय."

"म्हणूनच तर इतकी माणसं लागतात," चिरंजीव म्हणाले.

अशात एक बसचालक आणि त्यांची बायको ढब्बूला न्यायला आली. वर्षानुवर्षे वाट पाहून दोघांचा नंबर लागला होता. बाईंच्या हातात स्वतः विणलेले टोपडे होते. स्वयंसेवकांत एकच हलकल्लोळ माजला. ढब्बू गेला तर पाळ्यांचे काय? चिरंजीव व्यवस्थापनाचे विद्यार्थी. त्यांनी मार्ग काढला. बाळाच्या हितासाठी आईबापांची चाचणी घ्यावी! शिशुगृहाच्या प्रमुख मॅडमना 'हित' या शब्दाला नाही म्हणवेना. परीक्षक अर्थात चिरंजीव.

"बाळ रडलं तर काय कराल?"

"उचलून घेऊ," चालक म्हणाले.

"तरी रडलं तर?"

"घेऊन फिरू."

"कुठल्या पद्धतीनुसार?"

चालक बायकोच्या तोंडाकडे बघू लागले. ती हळूच म्हणाली, "साहेब, ते त्याच्याकडूनच शिकू."

'अनुभव शून्य' असा शेरा पडला. उपायही लगेच सुचवण्यात आला: अनुभवासाठी दोघांनी आधी स्वयंसेवक व्हावे. अशा रीतीने ढब्बूचे होणारे आईबाप ढब्बूला घेण्यासाठी जिन्यावर, रांगेच्या शेपटाला उभे राहिले.

एके दुपारी ढब्बू चिरंजीवांच्या हातात लालबुंद होऊन रडत होता. त्यांच्या कॉलरवर दूध ओकून झाले होते. एवढ्यात रांग मोडून त्या बाई आत आल्या आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतले. ढब्बूने दोन हुंदके दिले आणि तिथेच मान टेकून तो झोपला.

"अहो, तुमची पाळी..." चिरंजीव म्हणाले, आणि आपलेच शब्द ऐकून ओशाळले. "राहू द्या. माझी घ्या."

सिस्टर तशाच जाऊन मॅडमना घेऊन आल्या.

"पण चाचणीत नापास आहेत ना हे?" मॅडम म्हणाल्या.

"परीक्षकच नापास आहे, मॅडम," चिरंजीव म्हणाले. "बाळ त्यांचं त्यांना देऊन टाका."

त्याच आठवड्यात ढब्बू घरी निघाला. निरोप देताना चिरंजीवांचे डोळे अगदी खरोखर भरून आले. ते सुकायच्या आत त्यांनी ढब्बूला दोन्ही हातांत धरून सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतला. खोलीवर येऊन तो कापला. चालक गेले, बाई गेल्या, सिस्टर गेल्या. ढब्बूच्या पाठीवरचा बाईंचा हात तेवढा काही केल्या कापता येईना. 'माझं बाळ आज घरी गेलं' असे लिहून त्यांनी तो मोबाइलवरून जगजाहीर केला.

फोटोखाली आवडल्याच्या लाल बदामांचा नुसता खच पडला. हा तिसरा हात कुणाचा, असे एकानेही विचारले नाही. त्यातला एक बदाम माझा होता. शेजारचा तुमचा.