गरम गाडीचे चार रविवार

तळोद्याच्या युसूफ मिस्तरीने मला फसवलं. मला, म्हणजे हातगाडीवर मिरची विकून सुरुवात केलेल्या आणि आज नंदुरबारच्या बाजारात स्वतःचं दुकान थाटलेल्या माणसाला. समोरच्याने भाव सांगायच्या आत मी त्याच्या तोंडाकडे बघून खरा भाव ओळखतो. आणि या मिस्तरीने माझे चार रविवार खाल्ले, वर व्याह्यांसमोर अब्रू खाल्ली, तरी मला पत्ता लागला नाही.

युसूफचाचा बोनेट उघडत नाही. बाकीचे मिस्तरी गाडी आली की आधी बोनेट उघडतात आणि मग तोंड. चाचा आधी गाडीत बसतो. "उभी गाडी खोटं बोलस," तो म्हणतो, "पयती गाडी खरं." एकदा बसला की काचा खाली, रेडिओ बंद, फोन बंद आणि मालकही बंद. मी काही सांगायला गेलो की हात वर: "थांब शेठ, इंजिन बोली ऱ्हायनं." माझ्या घरातही माझं बोलणं तोडायची कोणाची टाप नाही.

दुसऱ्या मिस्तरीचं मत तो ऐकत नाही. एकदा कोणी इंजिनियर लॅपटॉप घेऊन त्याच्या गॅरेजात आला. चाचाने त्याला चहा पाजला आणि लॅपटॉप बाहेर ठेवायला लावला. जिल्ह्यात इंजिन समजणारा माणूस एकच आहे असं त्याचं म्हणणं. त्याचं नाव तेवढं तो घेत नाही, एवढाच काय तो नम्रपणा.

माझी गाडी पंधरा वर्षांची, डिझेलची. गावात शहाण्यासारखी चालते. लांबचा पल्ला धरला की तासाभरात काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि मग वाफ. मुलगी सुरतेला दिलेली, तिला नुकतंच बाळ झालेलं. बारशाला मला स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं, कारण व्याह्यांच्या दारात नव्या गाड्या उभ्या असतात. हातात तीन आठवडे होते. चाचा म्हणाला, रविवारी घाट चढू.

अक्कलकुवा सोडून घाटाला लागलो आणि तिसऱ्या वळणावर वाफ आली. चाचाने रस्त्याकडेच्या एका घराकडे बोट केलं, तिथे घे म्हणाला. कौलारू घर, ओसरीत खाट, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला एक म्हातारा. त्याचं नाव रोता. तीस वर्षं याच घाटात जीप चालवली होती त्याने, आणि ती दुरुस्तीला चाचाकडेच यायची. आता दोन्ही डोळे गेलेले, जीप विकलेली, मुलं गुजरातेत ऊसतोडीला.

गाडी थंड झाली, पाणी भरलं. मग जिल्ह्यात कोणाचं न ऐकणारा युसूफचाचा त्या खाटेजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "रोता, मन्ही अक्कल बंद पडनी. तूच सांग, काय व्हयनं या गाडीले?"

मी बघतच राहिलो. रोता भिंतीशीच बोलला: आंधळ्याची थट्टा करतोस काय, चालता हो. चाचा हलला नाही. मला इंजिन चालू करायला लावलं. बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला, पंख्याचा पट्टा ढिला आहे. चाचाने मान डोलावली आणि तळोद्याला येऊन पट्टा बदलला. जुना पट्टा मी ओढून पाहिला होता. तो ढिला नव्हता.

दुसऱ्या रविवारी पुन्हा वाफ. या खेपेला रोता उठून बसला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, रेडिएटरला कचरा बसलाय. चाचाने रेडिएटर उतरवून धुतला. त्याच्या जाळीतून माझ्या धंद्याची एवढी मिरचीपूड निघाली की सगळं गॅरेज शिंकत होतं. "शेठ, तू इंजिनले फोडणी दी ऱ्हायना," चाचा म्हणाला.

तिसऱ्या रविवारी काटा अर्ध्यावरही नव्हता, तरी त्या घरापाशी चाचा म्हणाला, थांब, तापली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रोता दाढी करून, खाटेवरून पाय खाली सोडून बसला होता. समोरून जीपा हॉर्न वाजवत जायच्या आणि तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही अमक्याची, हा गिअर उशिरा टाकतो, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. सगळे त्याच्याच हाताखाली शिकलेले. एकही थांबला नाही. त्या दिवशी त्याने पाण्याच्या वॉल्ववर संशय घेतला. चाचाने वॉल्वही बदलला.

बुधवारी बारसं होतं. वॉल्व बदलूनही मंगळवारी गाडी तापली, म्हणून मी बसने गेलो. चांदीची वाटी रुमालात बांधून, दोन बाया आणि एका कोंबडीच्या मध्ये बसून. व्याह्यांनी विचारलं, गाडी कुठे लावली? मी म्हणालो, बसस्टँडवर. त्यांनी परतीच्या बसची वेळ विचारली, हे जास्त लागलं.

चौथ्या रविवारी मी भांडायचं ठरवूनच निघालो. रोता ओसरीच्या पायरीवर उभा होता. पहिल्यांदाच. चाचाच्या खांद्यावर हात ठेवून तो गाडीपर्यंत चालत आला आणि चाचाने त्याचा हात धरून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाईपवर ठेवला. गरम इंजिनात तो पाईप आतल्या दाबाने दगडासारखा व्हायला हवा. रोताने दाबून पाहिला, पुन्हा दाबला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"युसूफ, झाकण दाब धरत नही. म्हनीसन पानी लवकर उकळस."

चाचाने इंजिन थंड होऊ दिलं. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात रेडिएटरचं नवं कोरं झाकण होतं. पुडीचा कागद घडीवर झिजून फाटला होता.

ते बसवलं आणि उरलेला घाट चढून परत उतरेपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. मी विचारलं, झाकण कधीपासून खिशात आहे?

"पहिला रविवारपासून."

अक्कलकुवा येईपर्यंत मी त्याला जे जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने एकदाही हात वर केला नाही. मी दमलो तेव्हा बाहेर बघत म्हणाला, "सहा महिना त्यानी खाट सोडी नव्हती, शेठ. भेटाले गऊ ते हाकली दे. बिघाड त्यालेच सापडाले पाहिजे व्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बारसानं मन्हं चुकनं."

त्याचा हिशेब मी त्याच्याकडून घेईनच, सोडणारा माणूस मी नव्हे. पण पुढच्या रविवारी गाडीला काही झालेलं नसताना मी एकटाच घाट चढलो आणि त्या घरापुढे रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. वरून येणारी पहिली जीप अडवली. मिशा पिळलेला ड्रायव्हर, माणसं टपापर्यंत. विचारलं, गाडी कोणाकडे शिकलास? त्याने हनुवटीने ओसरीकडे दाखवलं. मागे आणखी दोन जीपा येऊन हॉर्न मारू लागल्या. मी रस्ता सोडला नाही.

"मंग ही गाडी त्याना दारमा कधी उभी करी तुनी? माले जबाब दे."