हंसिणीला पाणी पाजलं तेव्हा

तफीदाच्या सुनेच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. कांदे सोलून झाले, तांदूळ निवडून झाले, आणि सून सनिया गच्चीवर गेली तर कापायला ठेवलेली हंसीण गायब.

"आई, बहिया कुठाय?"

"घारीनं नेली बाई," तफीदा भिंतीकडे बघत म्हणाली.

"एवढी थोरली हंसीण?"

"घारही काही लहान नव्हती."

खरं तर तफीदानंच तिला टोपलीत घालून, वर आपली काळी ओढणी टाकून, अबूसीर गावी नारीमान मॅडमच्या प्राण्यांच्या आसऱ्यात सोडलं होतं. पिल्लू असल्यापासून भिजवलेले वाल चोचीत भरवून वाढवलेली हंसीण. नवरा गेल्यावर गच्चीवर तफीदाशी बोलायला दुसरं होतं कोण?

हंसिणीचा जीव वाचला, पण तफीदाची झोप उडाली. हंसीण फुकट पोसणारं माणूस तिनंच काय, तिच्या आईनंही पाहिलं नव्हतं. शुक्रवारी ती खात्री करायला पोचली.

"ही इथं करते काय?"

"काही नाही, हज्जाबाई. खाते, हिंडते, पोहते," मॅडम म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग झोपते."

"ते कळलं हो. शेवटी काय?"

"शेवटी म्हातारी होऊन मरेल."

"आणि मारणार कोण?"

मॅडम हसल्या. ते हसू तफीदाला मुळीच आवडलं नाही. हाडं जास्त घालणारा खाटीक अगदी असाच हसायचा.

जाता जाता तिनं कुंपणातून पुन्हा डोकावून पाहिलं. एक डॉक्टरीणबाई बहियाला तराजूत बसवत होत्या. मग त्यांनी तिची छाती बोटांनी चाचपली. बाजारात तफीदानं जन्मभर हेच केलं होतं. चरबी किती चढली ते असंच बघतात. आणि मग त्या बाईंनी बहियाची चोच उघडून तोंडात पाणी ओतलं.

सुरीआधी जनावराला पाणी पाजतात, हे का कुणी तफीदाला शिकवायला हवं होतं?

"अगं सटव्यांनो!" म्हणत ती आत घुसली, हंसीण काखेत मारली आणि फाटकाबाहेर उभ्या मायक्रोबसमध्ये जाऊन बसली. मागोमाग मॅडम धावत आल्या आणि गाडीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"पकडा त्यांना! घरी नेऊन शिजवतील तिला!"

"मी? शिजवणारी तूच! पाणी कोण पाजत होतं?"

"औषध होतं ते! जंताचं!"

"कापायच्या हंसिणीला जंत झाले काय नि न झाले काय!"

मागच्या बाकावरचे एक चाचा म्हणाले, "कापणार कुणीही असो, जेवायला आम्हाला बोलवा."

सगळी गाडी हसली. बहियानं चाचांच्या गुडघ्याचा कडकडून चावा घेतला.

ड्रायव्हर वैतागला. "खाली ठेवा तिला! जिच्याकडे जाईल तिची. माझं डिझेल जळतंय!"

बहियाला रस्त्यात ठेवलं. तफीदानं हात पसरले, हाका मारल्या, जिभेनं टकटक केलं. बहियानं तिच्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि दोघींच्या मधून डुलत डुलत फाटकातून आत निघून गेली. आत एक लंगडा हंस मान लांब करून ओरडत होता. दोघांनी एकमेकांना माना लावल्या आणि काहीबाही कुजबुज सुरू केली.

तफीदाचे हात तसेच हवेत राहिले. तिनं विचारलं, "हा कोण?"

"आमचा हंस. जमलंय त्यांचं."

"जमलंय? मला न विचारता? कुठला आहे? घरचे कोण?"

"एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातून सोडवून आणला."

"हॉटेलातला!" तफीदानं ओठ मुरडले. "वाटलंच मला."

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर मोठं झाकलेलं ताट घेऊन घराबाहेर पडली.

"आई, कुणाकडे लग्न?" सनियानं विचारलं.

"ओळखीच्यांकडे."

लग्न झालेल्या मुलीच्या घरी आईनं पहिलं जेवण पाठवायचं, ही रीत गरिबातलं गरीब घरसुद्धा मोडत नाही. ताटाच्या मधोमध भाजलेली हंसीण हवीच. तफीदानं मधोमध सॅलडच्या कोवळ्या पानांचा ढीग रचला होता आणि भोवती भिजवलेले वाल मांडले होते. आसऱ्यात ताट खाली ठेवताच लंगडा जावई त्यावर तुटून पडला. बहिया बाजूला उभी राहून त्याचं खाणं कौतुकानं बघत होती.

तफीदानं मॅडमना कोपऱ्यात ओढलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगा, तुम्ही रोज बघता. हा पोरीला जीव लावतो, की नुसता तिच्या वाट्याचं खातो?"