जायचे पाच, यायचे सहा

उत्तमरावांनी एकदा छत्रीला सजा दिली होती. ती भर बाजारात उलटी झाली आणि चार लोक हसले, एवढाच तिचा गुन्हा. घरी आल्याबरोबर त्यांनी तिला अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं आणि पोळ्यापर्यंत उतरवायची नाही म्हणून घरात ताकीद दिली. सारा पावसाळा स्वतः भिजत फिरले, शिंकत फिरले, पण सजेत सूट नाही. पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरी आल्यावर त्यांनी छत्री खाली काढली, पुसली आणि खुंटीला लावली. तोवर पावसाचं काम संपलं होतं.

छत्री एकटी नव्हे. चावणारा जोडा, मागे पडणारं घड्याळ, दोनदा तुटलेला बैलाचा कासरा, सगळे त्या झाडावर राहून आले होते. गल्लीत त्या झाडाला 'जेल' म्हणत. मात्र त्या जेलचा एक नियम होता: मुदत भरली की वस्तू त्याच दिवशी घरात. एकदा घड्याळाची मुदत भरली तेव्हा उत्तमराव मेडशीला सासुरवाडीत पंगतीला बसले होते. आठवण होताच ताटावरून उठले आणि मिळेल त्या मोटारीने वाशीमला घरी आले. सासऱ्यांनी याचा राग धरला, तर म्हणाले, "सजा सरली. आता त्याले भायेर ठेवाचं, हे कोन्या कायद्यात लिवलं?"

'कोन्या कायद्यात लिवलं?' हा त्यांचा मंत्र. दूधवाल्याला, हमालाला, देवळाच्या पुजाऱ्याला, तापलेल्या तव्याला, सगळ्यांना हाच सवाल. रागाची वर्दी आधी मिशी द्यायची. मिशी भरघोस, दोन्ही टोकांना वर वळवलेली. राग यायच्या आधी तिचं उजवं टोक हलायचं. विटीदांडू कुठल्या गल्लीत खेळायचा हे पोरं त्या टोकाकडे पाहून ठरवीत.

मी त्यांच्या शेजारी आलो तो नगरकडून, शाळेत भूगोल शिकवायला. आल्या आल्या एक थाप मारून बसलो. कुणी तरी विचारलं, मास्तर, तुम्ही समुद्र पाहिला काय? भूगोलाच्या मास्तराने नाही कसं म्हणायचं? म्हटलं, मुंबईला पाहिला. मुंबईला मी गेलो होतो हे खरं, पण मुक्कामभर मावसभावाच्या खोलीत तापाने फणफणत पडलो होतो. समुद्राची गाज म्हणून जी ऐकली ती बहुधा शेजारच्या गिरणीची असावी. पण तेव्हापासून समुद्राच्या बाबतीत आमच्या गल्लीत शेवटचा शब्द माझा.

त्यामुळेच त्या वर्षी कापूस विकून झाल्यावर उत्तमराव सकाळी सकाळी माझ्या ओट्यावर येऊन उभे राहिले आणि अंदमानला कसं जातात म्हणून विचारू लागले.

"अंदमानला? कशाला?"

"सहलीले. घरदार घेऊन. आमच्या खानदानीत अजून कोनी सहलीले गेलं नाई."

मी म्हटलं, चिखलदऱ्याला जा, थंड हवा आहे, रात्रीत पोहोचाल. मिशीचं उजवं टोक हललं. "साहेब लोकं चिखलदऱ्याले जाते, त्यायले कोनी इचारते का काहून जाऊन राह्यले म्हून? मीच काहून सांगू?"

मी मुकाट्याने नकाशा काढला. बंगालच्या उपसागरात पीठ सांडल्यासारखी ती बेटं दाखवली. आधी रेल्वेने कलकत्ता, मग बोट. उत्तमरावांनी त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मला वाटलं, माणसाला भूगोलाची गोडी लागली.

इथे माझी पहिली चूक झाली. संध्याकाळी हॉटेलात चहा पिता पिता मी जरा रंगवून सांगितलं, की आमचे उत्तमराव निघाले काळ्या पाण्यावर! मी गमतीने बोललो. पण आमच्या भागात काळ्या पाण्यावर कुणी गमतीने जात नाही. सकाळपर्यंत गावभर झालं की उत्तमरावांना जन्मठेप झाली. लोक भेटायला येऊ लागले. दारात चपला काढून, डोकं खाली घालून बसायचे आणि काय झालं हो म्हणून हळूच विचारायचे. दुपारी मेडशीहून दोन मेहुणे बैलांची दमणी जुंपून आले, सोबत एक वकील. थोरला मेहुणा बहिणीच्या गळ्यात पडून रडू लागला.

उत्तमराव तोवर कुलूप तुटलेल्या पेटीसारखे खडखडत होते. "मी का कोनाचा खून केला?" ते वकिलावर ओरडले. आणि तो शब्द तोंडातून गेला तसे एकदम वळले. आत निघून गेले. इतका चांगला राग त्यांनी मध्येच टाकून दिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मग सुरू झाली तालीम. बोट हलते, पोटातलं वर येतं, हे मीच कुठल्याशा पुस्तकात वाचून सांगितलं होतं. उत्तमरावांनी अंगणातल्या बंगईची, म्हणजे आमच्याकडच्या झोपाळ्याची, बोट केली. रोज संध्याकाळी त्यांनी, वहिनींनी, थोरल्या मुलीने सुमनने आणि दोन्ही पोरांनी तिच्यावर बसायचं आणि शेजारच्या दोन गड्यांनी ती अशी हलवायची की कड्या किंचाळाव्यात. वहिनी डोळे मिटून देवाचं नाव घेत. घरात फक्त उत्तमरावांची आई या तालमीत नव्हती. तिला सगळे माय म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. ती दारात बसून आवाज ऐके. तिच्या कपाळावर पैशाएवढं ठसठशीत कुंकू. मी समजत होतो, उत्तमरावांचे वडील शेतावर राहत असतील.

एकदा पाहणी करायला गेलो. पाचही जण बंगईवर, पण मधोमध एका माणसाची जागा मोकळी. मी जाऊन तिथे टेकलो. उत्तमराव असे ओरडले की गड्यांनी दोर सोडले. "उठा मास्तर! ते जागा तुमची हाय, हे कोन्या कायद्यात लिवलं?" मला उठवून त्यांनी कडेला बसवलं आणि त्या रागाच्या भरात बंगई स्वतः हलवली. पुढचं थोडक्यात सांगतो. त्या अंगणात बोट लागली ती एकट्या मला, समुद्र पाहिलेल्या माणसाला. ओकारी झाली ती तुळशीपाशी. वहिनींनी गोमूत्र शिंपडलं आणि महिनाभर मला पाहिलं की पोरं हात वर करून डुलायची.

मग तिकिटं. स्टेशनवर मी सोबत होतो. उत्तमरावांनी बुकिंगबाबूंना सांगितलं, कलकत्ता, जायचे पाच, यायचे सहा. बाबू म्हणाले, पाच जाणार तर सहा कसे येणार? मिशी हलली. जेवढे जातील तेवढेच परत येतील हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असा वाद पाऊण तास चालला. गाडी आली, गेली. बाबू बिचारे रेल्वेचे नियम वाचून दाखवत होते. शेवटी पाच जायची तेवढी हाती पडली आणि उत्तमराव रुळांवर, सिग्नलवर आणि मालगाडीवर ओरडत घरी आले.

आता पाचाचे सहा कसे होतात? मी विचार केला आणि माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. हॉटेलात एवढंच म्हणालो, की वहिनींकडे बहुतेक गोड बातमी आहे, बेटावरच बाळंतपण दिसतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका चिंचा आणि बोरं घेऊन हजर. वहिनींची सुमन लग्नाला आलेली. वहिनी लाजेने माजघरातून बाहेर येईनात आणि उत्तमराव तुतारी घेऊन माझ्या दाराशी. तुतारी म्हणजे बैल हाकायची टोचणी. मी मागच्या दाराने निघालो तो थेट त्यांच्याच घरात, मायच्या पुढ्यात.

"बसा, बाप्पा," माय म्हणाली. "तो सहावा त्याचा बाप हाय."

उत्तमराव कडेवर होते तेव्हाची गोष्ट. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात काठ्या चालल्या, एक माणूस मेला, आणि त्यांच्या वडिलांना जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर नेलं. पुढे जपानची लढाई संपली, तिथला तुरुंग बंद झाला, ज्याला यायचं तो परत आला. रिसोडकडचा एक जण आला, त्याने निरोप धाडला की तुमचा माणूस जिवंत आहे, झोपडी आहे, चार नारळाची झाडं आहेत. पण कुठल्या तोंडाने गावात जाऊ म्हणतो.

"चिठ्ठी धाडायची," मी म्हटलं.

"रुसल्या मानसाले चिठ्ठी धाडत नाई, मास्तर. घरदार घेऊन जा लागते. नातवं पायावर घाला लागते. मंग मानूस उठते."

तिने कपाळाला बोट लावलं. "बाया मले हयदीकुंकवाले बलवत नाई. आन विधवा बी म्हनत नाई. चाळीस वर्सं झाले, मी कोन हाय हे गावाले ठाव नाई. त्याचा राग हाय त्याले. छत्रीचा नाई."

बाहेर उत्तमराव माझ्या रिकाम्या घरावर ओरडत होते. मी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत राहिलो. सजा सरली की त्याच दिवशी घरात. त्या दिवसापासून मी हॉटेलात फक्त चहाच प्यायलो.

निघायच्या दिवशी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं होतं, ठेच्याची बरणी होती आणि एका वेगळ्या फडक्यात नवं धोतर आणि पांढरा फेटा. ते फडकं उत्तमरावांनी कुणाच्या हाती दिलं नाही. डब्यात त्यांनी बाकावर पाच माणसं बसवली आणि मध्ये ते फडकं ठेवलं. गाडी सुटली तेव्हा ते कुणाला तरी सांगत होते की त्या जागेवर बसायचं कुठल्या कायद्यात लिहिलंय. आवाज सिग्नलपर्यंत ऐकू येत होता.

ते परत यायची तार मेडशीच्या मेहुण्याला आली. तो दमणी घेऊन आला, मायला तीत बसवलं आणि आम्ही स्टेशनवर गेलो. गल्लीतलीही बरीच माणसं आली होती. काळ्या पाण्यावरून आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. गाडी थांबली. वहिनी उतरल्या, सुमन उतरली, दोन्ही पोरं उतरली. मग उत्तमराव. मी त्यांच्या मागे डब्याच्या दाराकडे पाहत राहिलो. दारात कुणी नव्हतं.

हमालाने सामान आपटलं. उत्तमरावांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. डोक्याला फेटा घट्ट बांधलेला, तोंडावरून उपरणं. ते फडकं तसंच काखेत. दमणीजवळ आले आणि वाकले तेव्हा उपरणं घसरलं. मिशी नव्हती.

"उत्तम, भेटला?" मायने विचारलं.

"भेटला, माय. बरा हाय. पान्याले भेते. बोटीत बसाले तयार नाई."

मायने हात पुढे केला. कपाळावरून गालावर, गालावरून ओठांवर आणला. तिथे तो थांबला. "मिशी काय झाली रे?"

बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. वहिनी जमिनीकडे पाहत होत्या. तव्याला, पुजाऱ्याला, रेल्वेला जाब विचारणाऱ्या उत्तमरावांनी काखेतलं फडकं छातीशी धरलं.

"बोटीत असंच होतं, माय," मी म्हणालो. "बोट हलते, वस्तरा सटकतो. मुंबईला माझीही गेली होती."

कुणी हसलं नाही. मागून मेडशीचा थोरला मेहुणा म्हणाला, "होते तसं. मास्तरनं समुद्र पाह्यला हाय." दोघा-तिघांनी माना हलवल्या.

"हो का," माय म्हणाली. हात थोडा वेळ तिथेच होता. मग तिने पदर सारखा केला. "चाला घरी. पोरं भुकेली असतीन."

पुन्हा तिने मिशीचं नाव काढलं नाही. आणि त्या संक्रांतीला, कोणी कोणाला सांगितलं कोण जाणे, गल्लीतल्या बायका तिला हात धरून हळदीकुंकवाला घेऊन गेल्या.

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा उत्तमराव बंगईवर एका कडेला बसले होते. मधली जागा मोकळी. मी उभाच राहिलो. ते आणखी कडेला सरकले.

"बसा, मास्तर."

मी बसलो. ते कडुनिंबाकडे पाहत हळू आवाजात बोलले. "दोन वर्सं झाले त्याले जाऊन. किनाऱ्यावरच केलं सारं." त्यांनी कडी मुठीत धरली. "येका दिवसाचा उशीर मले खपत नाई. तुमाले ठाव हाय."

मला वाटत होतं, आता त्यांनी कुणावर तरी ओरडावं. कलेक्टरावर, बोटीवर, माझ्यावर. मी त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत होतो.

आतून मायचा आवाज आला, "कोन हाय रे बंगईवर?"

"मास्तर हाय," उत्तमराव म्हणाले.

मायला पुन्हा त्या कड्या ऐकू येऊ नयेत म्हणून मी दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकून धरले.