एक म्हणजे एक

धाकट्याने दाराची बेल भिंतीवरून उपटून काढली, तेव्हा घरात सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. बायको ब्रश तोंडात धरूनच बाहेर आली आणि भिंतीतून लोंबणाऱ्या दोन वायरींकडे बघत राहिली.

"हे काय?"

"बेलच्या जागी दिवा बसवतोय. बाहेर कुणी बटण दाबलं की आईच्या समोर दिवा लुकलुकणार. ऐकू येण्या-न येण्याचा प्रश्नच मिटला."

"असले दिवे बाजारात तयार मिळतात."

"मिळतात ना. मग मी एवढा शिकलो कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर बायको लग्नापासून शोधत होती. ती चूळ भरायला आत गेली. धाकट्याने बेल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा फळीवर ठेवून दिला.

झालं होतं असं, की गेल्या महिन्यात थोरला भाऊ न कळवता येऊन धडकला होता. ही दोघं ऑफिसात, घरात आई एकटी. आईला ऐकू कमी येतं. ती खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होती आणि थोरला बाहेर बेल दाबून दाबून घामाघूम होत होता. शेवटी त्याने चावीवाला आणून कुलूप फोडलं आणि आत धाव घेतली. आईने पान उलटत विचारलं, "आलास? बूट बाहेर काढ आधी." त्याच दिवशी थोरल्याने निकाल लावला. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी तो येणार आणि आईला आपल्याकडे घेऊन जाणार. त्याच्या घरी दिवसभर माणसं असतात. शिवाय शिस्त असते. चहात साखर नाही, आणि दिवे वेळेवर बंद.

मधे एकदा भाजी निवडताना आईने विचारलं, "मला न्यायचं नक्की झालंय का रे?" आईशिवायचं घर धाकट्याला नको होतं, अगदी मनापासून नको होतं. पण हे सरळ थोरल्याला सांगायचं तर थोरल्याशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा त्याने एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला.

आणि आज तो रविवार उजाडला होता. थोरला संध्याकाळी चहाला येणार होता.

धाकटा एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम बघून तो मान हलवायचा. स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहून त्याला इतकी वर्षं झाली होती, की त्या काळची कॉम्प्युटरची भाषाही आता कुणी बोलत नव्हतं. पण हे काम काय, पहिल्या इयत्तेतलं. बोर्डाला एक इवलासा दिवा जोडायचा आणि चारपाच ओळींचा प्रोग्रॅम घालायचा: पेट, थांब, विझ, थांब. तेवढं जमलं की बटण जोडायचं.

"चहा होईपर्यंत लुकलुकेल," धाकटा म्हणाला.

चहा झाला, गार झाला, पुन्हा गरम झाला. लॅपटॉपला बोर्ड दिसतच नव्हता. धाकट्याने ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुपार व्हायला आली तेव्हा शोध लागला, की त्याने लावलेली केबल फक्त चार्जिंगची होती. तिच्यातून वीज जात होती, अक्कल जात नव्हती.

"तुझी केबल दे."

"माझा फोन मरायला टेकलाय."

"पाच मिनिटं गं!"

बायकोचा फोन जेवणाआधीच मेला. तो चार्जिंगला लावायचं मग कुणालाच सुचलं नाही, कारण तोवर बोर्ड दिसायला लागला होता आणि दिवा पेटत नव्हता. त्या दिव्याला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. धाकट्याने दोन्ही उलटे खोचले होते. ते सुलट केले आणि दिवा पेटला!

"पेटला!" धाकटा खुर्चीतून उडाला.

बायकोने कमरेवर हात ठेवून जरा वाट पाहिली. "आता लुकलुकणार कधी?"

दिवा पेटला होता तो पेटलाच होता. ढिम्म. नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासारखा एकटक बघत होता.

धाकटा तणतणत पॅसेजमध्ये आला आणि आईच्या खुर्चीला ठेचकाळला. ही खुर्ची कित्येक दिवस रोज पायात येत होती.

"आई, अगं ही वाटेत कशाला? खिडकीपाशी बस ना!"

"काय?"

"काही नाही!"

शेवटी त्याने ऑफिसातल्या चष्मेवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. चष्मेवाला खरोखरचे प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्याची पगारवाढ धाकट्याच्या सहीने व्हायची. त्यामुळे रविवार असूनही त्याने पहिल्याच रिंगला फोन उचलला आणि उचलताना हसला.

"सर, दिवा पेटल्यावर डिले दिलाय ना? थांबायला सांगितलंय ना त्याला?"

"अरे, तेवढं कळतं मला."

"नाही म्हणजे, कळतंच सर. किती दिलाय?"

"एक."

"आणि विझल्यावर?"

"एक."

"मग बरोबर आहे, सर. अगदी बरोबर. प्रोग्रॅम एकदा दाखवता का मला?"

धाकट्याच्या कपाळाला आठी पडली. "मी? तुला प्रोग्रॅम दाखवू?"

"नाही नाही सर, सहज म्हटलं. बोर्डच खराब असणार."

आई फडकं घेऊन टेबल पुसायला आली होती. तिच्या कानावर कसाबसा शेवटचा तुकडा पडला असावा. "एक काय रे?"

"एक, आई!"

"हो, पण एक काय?"

"एक म्हणजे एक!" धाकटा ओरडला.

"सांगा ना त्यांना," बायको म्हणाली. "मलाही कळेल."

"तुम्हाला नाही समजणार. टेक्निकल आहे."

आईने खांदे उडवले, टेबल पुसायला म्हणून बोर्ड उचलला आणि झर्रकन बाजूला ठेवला. मग थबकली. "अगंबाई, हलवलं की ठिपके ठिपके दिसतात याचे."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने धाकट्याकडे. आता कानांपाठोपाठ डोळेही गेले. "दादासमोर हे बोलू नकोस हं आई," तो घाईने म्हणाला. आईला ते ऐकू आलं नाही. ती बाहेर जाऊन आपल्या खुर्चीत बसली, आणि कॉलमध्ये व्यत्यय नको म्हणून धाकट्याने खोलीचं दार लावून घेतलं.

मग खरी धमाल सुरू झाली. चष्मेवाल्याच्या सल्ल्याने दिवा बदलला, वायर बदलली, पिन बदलली. पाकिटातले सगळे दिवे लावून झाले. सगळे जन्माचे एकनिष्ठ, एकही लुकलुकेना. बायकोने सरळ सांगितलं, की बाजार अजून उघडा आहे. धाकट्याने सांगितलं, की प्रश्न आता दिव्याचा नसून तत्त्वाचा आहे. चष्मेवाल्याने दोघांचंही म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. आवाज चढत गेले.

"अहो, घड्याळ बघा! भाऊजी निघाले तरी असतील का? माझा फोन बंद, तुमचा दुपारपासून गुंतलेला. ते आले हे कळणार कसं आपल्याला?"

"आला की वाजवेल ना बेल!" धाकटा खेकसला. बिस्किटांचा डबा त्याच्या डोक्यावरच्या फळीवर शांत बसला होता.

"सर, डिले परत एकदा सांगता?" चष्मेवाला म्हणाला.

"एक! किती वेळा सांगू? एक, एक, एक!"

"एक काय?"

हा आवाज फोनमधून आला नव्हता. खोलीच्या दारात थोरला उभा होता. चेहरा लालबुंद, हातात मोठी बॅग, आणि दार बडवून मुठीची बोटं सुजलेली.

"काय चाललंय काय या घरात? कधीचा उभा आहे मी बाहेर! बटण दाबतोय, आवाज नाही. फोन करतोय, एक बंद, दुसरा बिझी. दार बडवतोय, तर आतून 'एक एक' म्हणून बोंबलताय! घरात तीन तीन माणसं, आणि एकाला दार उघडता येऊ नये?"

"मग... तू आत कसा आलास?" धाकट्याने विचारलं.

थोरला जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आईने उघडलं."

आई त्याच्या मागे पॅसेजमध्ये आपल्या खुर्चीपाशी उभी होती. चष्मेवाल्याने प्रसंग ओळखून कॉल कापला.

थोरला आईच्या कानाशी वाकला. "आई! तुला कसं कळलं मी आलोय ते?"

"ओरडू नकोस कानात. दाराखालच्या फटीत बूट दिसले. एवढे चकचकीत बूट तुझ्याशिवाय कोण घालतं?" आईने त्याच्या हातातली बॅग घेतली. ती रिकामी होती. तिने ती उघडून बघितली आणि हळूच खुर्चीखाली सरकवली. "त्या दिवशी तू कुलूप फोडलंस ना, तेव्हापासून खुर्ची दाराकडे फिरवून बसते मी. या दोघांना पत्ताच नाही. रोज येता-जाता ठेचकाळतात नुसते."

धाकट्याने काहीतरी बोलायला हवं होतं, आणि दिव्याच्या प्रोग्रॅमसारखंच ते त्याला जमेना. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

थोरला चहा पिताना भिंतीतल्या वायरींकडे बघत होता. मग ढिम्म दिव्याकडे. मग धाकट्याकडे. कप खाली ठेवत तो म्हणाला, "आईला नेलं तर तुमचं दार कोण उघडणार?"

चहात साखर होती, तीही तो निमूट प्याला. निघताना त्याने घराची एक जादा चावी मागून घेतली. हा उपाय गेल्या महिन्यात इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता. रिकामी बॅग रिकामीच परत गेली.

तो गेल्यावर आई टेबलाशी आली. "तू मला सांगितलं नाहीसच. एक काय?"

"एक सेकंद, आई," धाकटा तिच्या कानाशी वाकून म्हणाला. आणि तसाच वाकलेला राहिला. बोर्डाला सेकंद कळत नाही. बोर्ड सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतो. त्याने बोर्ड उचलून हवेत झर्रकन फिरवला. तिन्हीसांजेच्या अंधारात ठिपक्यांची रांग उमटली. दिवा दुपारपासून बिचारा जीव तोडून लुकलुकत होता, सेकंदाला पाचशे वेळा, कुणाच्या डोळ्याला ते दिसत नव्हतं इतकंच.

बायको दारात उभी होती. धाकट्याने तिच्याकडे न बघता एकापुढे तीन शून्यं टाकली. दिवा पेटला, विझला, पेटला, विझला.

आईने थोडा वेळ बघितलं आणि तोंड फिरवलं. "शी! डोळ्यात खुपतंय. मघाशी चांगला होता की."

धाकट्याने शून्यं काढून टाकली.

सोमवारी ऑफिसात त्याने चष्मेवाल्याला सांगितलं, की बोर्डच खराब निघाला. "वाटलंच होतं सर," चष्मेवाला म्हणाला. दिवा आता आईच्या खुर्चीशेजारी असतो, आणि येणारा-जाणारा म्हणतो की छान आहे, पण लुकलुकत नाही. बेल अजून बिस्किटांच्या डब्यात आहे.